मोटारीच्या मशीनची सुई

ऐक गं आधी शिवकन्ये, मधी बोलू नको.

आमच्या मुरुमच्या शिवणक्लासात मशीन सात, पण मोटारीची एकच, बाकी सगळ्या पाय मारायच्या. कस्तुराबाई मॅडमनी सांगितलं होतं, जिचं ब्लाऊज चांगलं बसंल तिला मोटारीची, लग्नसराईची गिऱ्हाईकं बी तिलाच. दोन वर्षं म्या त्या मशीनकडं बघत पाय मारले. अन् ही गायत्री, चार महिन्यांखाली आलेली, हिनं शिवलेला गळा असा बसला की मॅडम म्हणल्या, बस तू तिथं. लई जळले गं मी. तिचं हसणं बी टोचायचं.

मोटारीवर पहिल्याच दिवशी तिच्या बोटात सुई घुसली. थेंबभर रगत. म्या डबा खाताना नुसतं म्हणलं, "हिचा मामा ट्रकवर होता म्हणं, बिमारीनं गेला. कसल्या बिमारीनं, देव जाणे." मामा काविळीनं गेलता, मला पक्कं ठाव होतं. एचआयव्हीचं नाव मला काढावंच लागलं न्हाय, पोरींनीच काढलं.

चार दिवसांत तिची कात्री कुणी धरंना. शेवटी तीच उठली, हातशिलाई घेऊन दारापाशी जाऊन बसली. मशीन मला.

अन् तिसऱ्या दिवशी सुई माझ्या नखातनं आरपार. तीच सुई, बदलली कुणी? थाप माझीच, तरी मामाला खरंच कावीळ होती का, असं वाटाय लागलं. बाजारला जाते म्हणून घरी सांगितलं अन् सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या बाईंनी नीट समजावलं, कुणाला एचआयव्ही असला तरी शिवायच्या सुईनं असा लागत न्हाय, तरी मनात असंल तर तपासून घे, फुकट हाय.

घेतलं तपासून. काय निघालं न्हाय. बाहेर आले तर बाकड्यावर गायत्री, हातात कागद. तिनं बी तपासून घेतलं होतं, क्लासात दाखवायला. माझ्या बोटाची पट्टी बघितली अन् उठून हातच धरला माझा.

"माझ्यामुळं तुला इथं यावं लागलं गं," म्हणली. "मामाचं कुणी उठवलं काय की. उद्या मी कागद दाखवते, तू फक्त शेजारी उभी ऱ्हा. तुझं ऐकतेत सगळ्या."

अन् खरं सांगू, तवा बी डोक्यात पहिलं काय आलं? कागद दाखवला की मशीन परत तिची.

उद्या अकराला क्लास हाय. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?