हळदीत उमटलेली चीर

शीळ रोडवरच्या गॅरेज लाइनमध्ये दौलत चासीवाल्याला प्रेमळ माणूस म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ट्रकचा खालचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, तडकली म्हणून कुणी आलं की तो आधी ड्रायव्हरला झाडायचा आणि मग चासीकडे बघायचा. पण त्याने जोडलेली चासी पुन्हा त्याच जागी तुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून लोक मुकाट्याने ऐकून घ्यायचे. दुभत्या गाईच्या लाथाही गोड, दुसरं काय.

आज दसरा होता, आणि त्या दौलतने सकाळपासून कुणाला एक शिवी दिली नव्हती. बायको कलावतीने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. तो म्हणाला, वाटतंय. त्याचं लक्ष रस्त्यापलीकडच्या देवीच्या मंडपाकडे होतं. मंडपासमोर लाइनमधल्याच सुदेशचा ट्रक उभा होता.

मिलिटरीच्या लिलावातला जुना फोरव्हील ट्रक तो, चारही चाकांनी ओढणारा. रेतीबंदरावर खाडीच्या चिखलात साधी गाडी रुतते, म्हणून गॅरेज लाइनची देवी दरवर्षी याच ट्रकमधून विसर्जनाला जायची. ऐन नवरात्रात सुदेशला त्याच्या चासीला चीर दिसली, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या धरणाऱ्या ब्रॅकेटजवळ. दौलतने चीर खोदून वेल्ड भरला, वर जाड पट्टी चढवली आणि काळा रंग मारून दिला. फक्त ब्रॅकेट खोललं नाही. त्याचे रिबिटाचे खिळे गंजून बसले होते, कापायला अख्खा दिवस गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. चीर ब्रॅकेटच्या अलीकडेच संपली असणार, असं त्याने ठरवून टाकलं. चिरेचं टोक डोळ्यांनी दिसल्याशिवाय वेल्डिंगला बसायचं नाही, हे तोच लाइनमधल्या प्रत्येकाला ऐकवायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली की दसरा उलटेपर्यंत त्याच्या गॅरेजात कुणी साध्या पान्यालाही हात लावत नसे. हा दंडक कलावतीचा. बरीच वर्षं झाली, अशाच एका खंडेनवमीला दौलतच्या धाकट्या भावाने, शिवरामने, घाईचं काम आहे म्हणून पूजेतला ग्राइंडर उचलला. त्याची दोन बोटं तिथेच गेली. त्याच्या हातावर फडकं तिनेच बांधलं होतं. तेव्हापासून हे दोन दिवस ती गॅरेजच्या दारात डोळ्यांत तेल घालून बसायची.

चार वाजता देवी ट्रकमध्ये चढली. बायका चढल्या, ताशा सुरू झाला, सुदेशने इंजिन चालू केलं. कलावतीने चाकांवर पाणी घातलं, नारळ फोडला. मग ती वाकली आणि चिमूटभर कोरडी हळद चासीच्या नव्या पट्टीवर आणि शेजारच्या ब्रॅकेटच्या वरपर्यंत बोटाने ओढली. नवऱ्याच्या प्रत्येक जोडाला ती हळद लावायची. नंतर तीही वर चढून देवीजवळ बसली.

दौलत हळद बघायला म्हणून वाकला आणि वाकलेलाच राहिला.

ब्रॅकेटच्या वर, जिथे वेल्ड नव्हता आणि पट्टीही नव्हती, तिथे हळदीत एक बारीक काळपट रेघ होती. चीर शोधायची त्याची स्वतःची रीत हीच. लोखंडाला डिझेल लावायचं, पुसून घ्यायचं, वर खडूची भुकटी फासायची. चिरेत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि भुकटीत रेघ ओढतं. रंगाआधी चासी त्याने डिझेलनेच धुतली होती, आणि वजनाने तो रंग चिरेवर केसभर फाटला असणार. खडूच्या जागी आज हळद होती, एवढाच फरक.

वरच्या समईचं तेल सांडलं असेल, असं त्याने मनाला समजावलं. त्याने रुमालाने ती जागा कोरडी पुसली, पूजेच्या ताटातली हळद घेऊन पुन्हा दाबली. वर बायका सरकून बसल्या, ट्रक जरासा हलला. रेघ परत आली, पहिल्यापेक्षा लांब.

रेतीबंदरावर ट्रक रिव्हर्समध्ये उतारावर घेतात, आणि मूर्ती उतरवून घ्यायला लाइनमधली माणसं मागे कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात. तिथे चासी मोडून ट्रक मागे घसरला तर वरच्या बायका आणि देवी त्यांच्याच अंगावर जाणार होत्या. आणि कलावती सगळ्यांत मागे बसली होती, मूर्तीला हात लावून.

"चला दौलतदादा, उशीर होतोय," सुदेशने खिडकीतून हाक मारली.

"गाडी बंद कर."

"काय झालं?"

"चीर पुढे गेलीय. गाडी बंद कर, बायकांना खाली उतरव."

सुदेश उतरून खाली आला. वाकून त्याने बघितलं. त्याला काळा रंग दिसला आणि हळद दिसली. "दादा, परवा तुम्हीच बोललात ना, दहा वर्षं बघायला नको म्हणून?"

"बोललो. ब्रॅकेट न खोलता बोललो."

हे बोलताना दौलतचे कान तापले. ताशा थांबला होता, अख्खी लाइन ऐकत होती. जन्मभर दुसऱ्यांच्या जोडांना नावं ठेवणाऱ्या माणसाला ते एक वाक्य फार जड गेलं.

"देवी जागेवरून हललीय. आता परत मंडपात नेता येत नाही, तुम्हाला माहितीये," सुदेश म्हणाला. "मी हळू नेतो ना. पहिल्या गिअरमध्ये नेतो. हळदीचे डाग बघून कोण गाडी थांबवतं?"

कुणीतरी हसलं. सुदेश वर चढला आणि त्याने गिअर टाकला. दौलत दोन्ही हात बॉनेटला लावून समोर उभा राहिला. त्या हातांनी ट्रक अडणार नव्हता, हे त्यालाही कळत होतं. रंग घासून उघडं लोखंड दाखवल्याशिवाय कुणाला पटणार नव्हतं. घासायला ग्राइंडर हवा होता, आणि ग्राइंडर झेंडूखाली पूजेत होता.

त्याने गॅरेजकडे पाहिलं. कलावतीने वरून त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं.

"हात लावू नका," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण त्यात शिवराम होता, ते रक्त होतं, सगळं होतं.

"कला, तू आधी खाली उतर," दौलत म्हणाला. "मग मला काय बोलायचं ते बोल."

कितीतरी वर्षांत त्याने तिला कला म्हटलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा माणूस खोटं बोलू शकतो, हट्ट करू शकतो, पण चार लोकांत स्वतःचं काम चुकलं असं उगाच म्हणणार नाही, एवढं तिला संसाराने शिकवलं होतं. ती उतरली. रस्ता ओलांडून गॅरेजमध्ये गेली, हत्यारांपुढे हात जोडून काहीतरी पुटपुटली. मग झेंडू बाजूला करून तिने स्वतःच ग्राइंडर उचलला आणि वायर सोडत ट्रकपाशी घेऊन आली.

"मी उचललाय," ती म्हणाली. "काय व्हायचं ते मला होईल. तुम्ही फक्त चालवा."

सुदेशने न सांगता इंजिन बंद केलं. दौलतने ग्राइंडर घेतला आणि ब्रॅकेटपाशी उकिडवा बसला. त्याने एक श्वास घेतला, कोपर मांडीला टेकवलं. ठिणग्या उडाल्या. कलावतीने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कशाला नाही, पण त्या आवाजाला ती घाबरायची.

रंग गेला, लोखंड उघडं पडलं. चीर ब्रॅकेटच्या मागून वर आली होती आणि चासीच्या दांड्याच्या कडेवरून वळून पलीकडे गेली होती. सुदेशने वाकून तिथे नख लावलं. नख आत गेलं. तो उभा राहिला आणि ट्रकच्या मागे जाऊन त्याने स्वतः फळका पाडला.

"उतरा सगळ्या," तो म्हणाला. "देवी खांद्यावर घ्या. मागे न्यायची नाही ना? पुढेच नेऊ. चालत."

आणि चालतच नेली. वाटेत खांदे बदलले, ताशेवाल्यांचे हात दुखले, मागे अडकलेल्या रिक्षावाल्यांनी यथेच्छ शिव्या दिल्या. सुदेश दौलतकडे न बघता खांदा देत होता. अर्ध्या वाटेत दौलतने त्याच्या शेजारी मूर्तीला खांदा दिला, तेव्हा तो जरासा सरकला आणि जागा करून दिली. मूर्ती जड होती. दौलतला ते वजन हवंच होतं.

रेतीबंदरावर सगळे उतारावरून चिखल तुडवत पाण्यात उतरले. देवी बुडाली तेव्हा दौलत त्याच जागी उभा होता जिथे ट्रकचं मागचं टोक आलं असतं. त्याला मागे वळून बघवलं नाही.

बाहेर आल्यावर तो काठावरच्या दगडावर बसला. कलावती जवळ आली, त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

"भीती वाटली नाही तुला?" त्याने विचारलं.

"अजून वाटतेय."

"मग उचललास कशाला?"

"हळद मीच लावलेली ना," ती म्हणाली. "तिने रेघ दाखवली. दसऱ्याची तिला सुट्टी नाही, तर हत्यारांना कसली?"

मग ती त्याच्यासमोर चिखलातच टेकली. त्याचे दोन्ही हात तिने आपल्या हातात घेतले, पदराने चिखल पुसला आणि ओठांतल्या ओठांत त्याची बोटं मोजायला लागली. दहा झाली. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजली.