चुकीच्या इंजिनाला जोडलेला पंप

मी पंप बोलतोय. ज्याच्यासमोर तुम्ही गाड्यांची रांग लावता तो नव्हे. गाडीच्या टाकीत बुडून बसतो आणि पेट्रोल इंजिनाकडे ढकलत राहतो, तो मी. मुठीत मावेन एवढाच आहे.

पुण्याकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथं मला तीन किलोच्या प्रेशरवर चालवून पाहिलं आणि अंगावर ‘पास’चा शिक्का मारला. पुढं न्हावा शेव्याला नोकरी करणाऱ्या राहुल नावाच्या कारकुनाच्या पांढऱ्या गाडीत मी सहा वर्षं काढली. त्या गाडीचं इंजिन इंजेक्शनचं होतं. त्याला माझ्याएवढाच जोर लागायचा. राहुलला मी आहे हे ठाऊकही नव्हतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमची आठवण माणसाला होते ती आम्ही बिघडल्यावरच.

माणगावजवळ हायवेवर ती गाडी एका ट्रेलरच्या मागे घुसली. राहुल वाचला, गाडी भंगारात गेली. भंगारच्या दुकानदारानं मला काढून, पुसून फळीवर ठेवलं. तिथून मला सुयशनं उचललं.

सुयश दिवेआगरचा, नारळी-पोफळीच्या वाडीवाला. चक्रीवादळात निम्मी वाडी आडवी झाली, तेव्हापासून तो आणि त्याची बायको गौरी घरीच पाहुणे ठेवत. वडील महादेवराव मास्तर होते. आदल्या वर्षी ते गेले आणि मागं त्यांची जुनी जीप राहिली. तिचं डिझेल इंजिन जाम झालेलं. सुयशनं त्याजागी एका जुन्या व्हॅनचं पेट्रोल इंजिन बसवायचं ठरवलं, कार्बोरेटरवालं. माणगाव स्टेशनावरून पाहुण्यांना वडिलांच्या जीपमधून घरी न्यायचं, ही त्याची हौस.

काम माणगावातच धर्माच्या गॅरेजमध्ये होतं. धर्मा पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा मेकॅनिक. लहानपणी तो महादेवरावांच्या वर्गात होता. त्या इंजिनाला त्याचा स्वतःचा पंप होता, इंजिनाच्या कुशीला बसणारा. इंजिन फिरलं की तो पेट्रोल ओढतो, इंजिन थांबलं की तोही थांबतो. पण त्याचा आतला पडदा फाटला होता आणि नवा मुंबईहून यायला आठ दिवस लागणार होते. सुयशचे पाहुणे शनिवारी येणार होते. त्यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला, दुकानातून मला घेतलं आणि धर्मापुढं ठेवलं. सोबत वाडीत फवारणीला वापरायची प्लॅस्टिकची नळीही आणली होती. गौरी तेव्हा तिथंच बाकावर बसली होती.

धर्मानं मला हातात फिरवून पाहिलं.

“दादा, यो इंजेक्शनचा हाय. कार्बोरेटरला पाव किलो प्रेशर पुरतो. पेट्रोल अडवणारी आतली सुई याचा जोर झेलायची न्हाय, पेट्रोल वरून वाहंल.”

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. मला लावायचंच तर मधे प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर हवा, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा दुसरा पाइप हवा, आणि इंजिन थांबलं की मला थांबवणारा स्विच हवा. यातलं काही माणगावात मिळत नव्हतं. त्यापेक्षा आठ दिवस थांबून इंजिनाचा स्वतःचाच पंप लावू, असं त्याचं म्हणणं. सुयश ऐकत होता, पण नजर घड्याळाकडे होती.

“बाबांची गाडी आहे, धर्माभाऊ,” तो म्हणाला. “बाबांच्या गाडीला तुम्ही नाही म्हणणार?”

धर्मानं पाना उचलला. मला आजही त्याचा राग येतो तो एवढ्याच क्षणासाठी.

फवारणीची नळी मात्र त्यानं बाजूला फेकली. पेट्रोलनं ती मऊ पडून फुटते, म्हणाला. मला टाकीत बसवून जीपच्या खालून, सायलेन्सरपासून दूर, त्यानं लोखंडी पाइप नेला, टोकांना पेट्रोलचाच रबरी पाइप लावला आणि क्लिपा आवळल्या. जेवढं त्याच्या हातात होतं तेवढं त्यानं नीट केलं. शेवटी सुयशला दोनदा सांगितलं की इंजिन बंद पडलं तर आधी चावी बंद करायची, कारण हा पंप आपणहून थांबत नाही. सुयशनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दिवेआगरला निघाली. सुयश चालवत होता, गौरी शेजारी. धर्माला माझा भरवसा नव्हता. हत्यारांची पेटी घेऊन तो मागं बसला, म्हसळ्यापर्यंत येतो म्हणाला. मी टाकीतून ढकलत होतो. मला दुसरं काही येतच नाही.

म्हसळ्याच्या अलीकडच्या घाटात पेट्रोलचा वास सुटला. धर्मानं गाडी थांबवायला सांगितलं. सुयश म्हणाला, चढ संपू दे. चढावरच इंजिन गुदमरून बंद पडलं. सुयशनं चार-पाच वेळा स्टार्टर मारला. मग तो खाली उतरला आणि बॉनेट उघडायला पुढं गेला. चावी तशीच चालू होती आणि मी तीन किलोच्या जोरानं पेट्रोल पाठवत होतो, सरळ तापलेल्या इंजिनावर.

पुढचं मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. आधी भडका, मग गौरीची किंकाळी. सुयशचे पाय रस्त्यावरून लांब पळाले. धर्मा सीटवरून पुढं झेपावला. आगीतून हात घालून त्यानं आधी चावी फिरवली, आणि मी थांबलो. मग त्याच हातानं त्यानं गौरीला बाहेर ओढलं.

गौरीचा एक पाय पोटरीपर्यंत भाजला. धर्माचा उजवा हात कोपरापर्यंत होरपळला. जीपचं पुढचं अंग जळालं. मागं टाकीत मी धडधाकट राहिलो.

पंचनाम्याला जीप माणगावात धर्माच्या गॅरेजपुढं आणली. सुयश पोलिसांना म्हणाला, “मला यातलं काय कळतंय? मेकॅनिकनं सांगितलं तसं केलं.”

पोलिसांनी धर्माला विचारलं. हात पट्टीत, चेहरा सुजलेला. सांगण्यासारखं त्याच्याजवळ पुष्कळ होतं. तो एवढंच म्हणाला, “बसवला मीच.”

कागदावर मेकॅनिकचा निष्काळजीपणा नोंदला गेला. त्यानंतर गॅरेजमध्ये गाडी येईना. धर्मानं मला टाकीतून काढून खिडकीतल्या फळीवर ठेवलं. फेकून का दिलं नाही, मला माहीत नाही.

दोन महिन्यांनी गौरी काठी टेकत आली. धर्माची बायको येसूबाई हिनं तिला पाणी दिलं. गौरी म्हणाली, “धर्माभाऊ, तुम्ही नको म्हणत होता, मी ऐकलंय. मी पोलिसांत जाऊन सांगते.”

धर्मा म्हणाला, “तुमाला त्याच घरात ऱ्हायचंय, वहिनी.”

गौरी काठी घेऊन उठली आणि दिवेआगरच्या एसटीला गेली. पोलिसांत ती गेली नाही. सुयशनं आता नवी गाडी घेतली आहे. तिकडून येणारे सांगतात, पाहुण्यांना तो जीप जळाल्याची गोष्ट रंगवून सांगतो, आणि त्या गोष्टीत बायकोला तोच बाहेर काढतो.

धर्माची बोटं आता पान्यावर मिटत नाहीत. गॅरेजची जागा उद्या सोडायची आहे. भंगारवाला येणार आहे आणि त्याच्याबरोबर मी जाणार आहे, कारण मी चालू आहे. चालू वस्तू कोणीतरी घेतंच.

आज दुपारी धर्मा पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसला. येसूबाई म्हणाली, मी लिहिते. त्यानं ऐकलं नाही. डाव्या हातानं एकेक अक्षर काढत त्यानं लिहिलं: ‘कार्बोरेटरला लावू नये.’ अक्षरं वाकडी आली, पण वाचता येतात. तो पुठ्ठा त्यानं तारेनं माझ्या गळ्यात बांधला.

पुठ्ठा फार दिवस टिकायचा नाही. तोवर जो कुणी मला हातात घेईल, त्यानं आधी तो वाचावा. मला थांबता येत नाही.