कमळीचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पावणे गावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत, तक्रार विभागाच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. कंपनी घरगुती सामान विकायची, इथेही आणि युरोपातही. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर सगळं माझ्यातून जायचं. नवा होतो तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. पुढे नुसता शीण येऊ लागला, कारण एकदा घेतलेली माहिती कुणी काढून टाकतच नसे.

मग युरोपात कायदा आला. तिकडच्या गिऱ्हाइकाने ‘माझी माहिती पुसा’ म्हटलं की ती पुसावी लागे, नाहीतर जबर दंड. एका जर्मन बाईंचा दोन ओळींचा मेल आला, तर आमचे साहेब दिनानाथ जेवण टाकून धावत आले होते.

एके दुपारी एक बाई लहान लेकीला घेऊन आली. तिचं खरं नाव सांगणार नाही, कमळी म्हणू. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून ती लेकीसह नावड्याला बहिणीकडे राहत होती. तिथेही तो येऊन दारात उभा राहिला. आमच्याकडचं तिचं खातं त्याच्या मोबाइल नंबरवर होतं. तिने मागवलेल्या सामानाचा पत्ता त्याला आयता दिसला होता. आता तिने करंजाड्यात खोली घेतली होती. शेगडी मागवताना तो नवा पत्ताही त्याच खात्यात चढला होता.

“ताई, त्यानं अजून बगितला नसंल. काडून टाका ना,” ती सुमेधाला म्हणाली. “पोरीला घेऊन आता कुटं जाऊ?”

सुमेधा माझ्यासमोर बसून काम करायची. तिने साहेबांना बोलावलं.

“नंबर नवऱ्याचा आहे. आणि पुसायचा नियम तिकडच्या लोकांसाठी,” दिनानाथ म्हणाले. “उगाच टेन्शन नको घेऊस.”

“सर, खात्यावर नाव यांचं आहे. आणि पुसायचं बटण एकच आहे. जर्मनीसाठी वेगळं नाही.”

साहेब कमळीच्या लेकीकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “पुस.”

कमळीने सुमेधाला पुन्हा पुन्हा शोधायला लावलं. नाव टाकलं, नंबर टाकला. माझा पडदा कोराच. ती पदर तोंडाला लावून रडली. इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून कुणाला हायसं वाटलं ते तेव्हाच, तेही मी काही दाखवलं नाही म्हणून.

नवरा करंजाड्याला पोचला नाही. काही महिन्यांनी तिचा फोन आला, “ताई, पोर साळंत जाते.” पुढे कंपनीने सगळ्यांसाठी एकच नियम केला: मागेल त्याची माहिती पुसायची. दयेपोटी नव्हे, दोन रीती सांभाळणं जड जात होतं.

आता मी अडगळीत पडलोय. मित्रांनो, कुणाचा पत्ता मागण्याआधी तो खरंच लागणार आहे का ते बघा. काम झालं की पुसून टाका. आणि मला भंगारात द्याल, तेव्हा आधी रिकामं करा. फार थकलोय मी. एवढ्या लोकांची घरं डोक्यावर घेऊन मला जायचं नाही.