ओल्या मक्याची कणगी

मित्रांनो, नाशिककडच्या पेठजवळच्या एका पाड्यावरची मी धान्य साठवायची जुनी कणगी. बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली. शकुबाई मला लक्ष्मी म्हणते, म्हणून माझी मान जरा ताठच! दिवाळीला मला काठोकाठ भरायचं, तोंड लिंपायचं आणि संक्रांतीलाच उघडायचं, हा या घरचा रिवाज. वर्षानुवर्षं मी नागली, म्हणजे नाचणी सांभाळली, कधी कीड लागू दिली नाही.

१९९९ साली घरात पहिल्यांदा मका आला. खुडणीच्या वेळेलाच पाऊस कोसळला. शकुबाईची सून गोजराबाई दाणा चावून म्हणाली, "आत्या, मका ओला हाय. वाळू द्या."

"आन दिवाळीला लक्ष्मी रिकामी ठेवू? लय शानी झालीस!"

ओला मका माझ्यात ओतला, तोंड लिंपलं. थोड्याच दिवसांत पोटात ऊब चढली, मग कुबट वास सुटला. मी गुदमरले, पण ओरडणार कशी?

संक्रांतीला उघडलं तर दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी. "धू आन वाळव. दळल्यावर काय व्हतंय?" शकुबाई म्हणाली. त्याच्याच भाकऱ्या झाल्या. त्या खाऊन आधी अंगणातलं कुत्रं मेलं. मग शकुबाईचा मुलगा, गोजराबाईचा नवरा चंदर आडवा झाला. पोट फुगलं, डोळे पिवळेजर्द. भगताने गळ्यात काविळीची माळ घातली, पण ताटात भाकरी मक्याचीच! नाशिकच्या डॉक्टरांनी बुरशीचं विष ओळखलं, तोवर फार उशीर झाला होता. चंदर गेला. माझ्याच पोटातलं खाऊन गेला, हे मला अजून सोसत नाही.

मका खड्ड्यात पुरला. डॉक्टर म्हणाले होते, कणगीही जाळा, कामट्यांत बुरशी बसली आहे. शकुबाई आडवी आली. "पोरगा गेला, आता लक्ष्मीबी घालवू?"

वर्ष सरलं, आज पुन्हा दिवाळी आहे. मला दारात आणलंय, शेजारी नव्या नागलीची पोती आहेत. गोजराबाई काड्यापेटी घेऊन उभी राहिली आहे.

"आत्या, लेक गेला तुमचा. आता माझ्या रोशनीला यातलंच खाऊ घालू?"

शकुबाईने नातीकडे पाहिलं. माझ्या काठावरचा हात हळूच काढून घेतला आणि ती बाजूला झाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्या वस्तू नेहमी सांगतात. मी नाही सांगणार. धान्य खडखडीत वाळल्याशिवाय भरू नका, बुरशी आलेलं जनावरालाही घालू नका. माणसं जपा.

गोजराबाई, बघतेस काय अशी? रडू नकोस. लाव काडी.