एकाच ओळीचे कांबळे

मित्रांनो, मी डोंगरातल्या एका खोऱ्यातला जुना हातमाग आहे. माझी हाडे कुरकुरतात, पण कान अजून तिखट आहेत.

आमच्याकडे नक्षी कागदावर काढत नाहीत. एकीने ती खोऱ्याच्या बोलीत ओळीओळीने सांगायची, दुसरीने विणायची. 'दोन तांबडे, नदी वळली, एक काळा सोड' असे काहीसे. माझ्याजवळ बसून आत्या सांगायची आणि तिची भाची विणायची. तीस वर्षे दोघींचे छान जमले. बाजारात आमच्या कांबळ्यांवर लोकांच्या उड्या पडत, आणि मी मोठ्या तोऱ्यात असे.

लहानपणी शाळेत बोलीतला शब्द निघाला की भाचीला बाकावर उभे करत. तेव्हापासून तिने ती बोली तोंडात आणली नाही. आत्याची ओळ ऐकली की तिचे हात चालत, पण स्वतःहून म्हणायचे तर शब्द फुटत नसे. काम चोख होते, मग टोकणार कोण? मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्याने अंथरूण धरले. ती बोली बोलणारे दुसरे कुणी उरले नव्हते. तिने खाट माझ्याजवळ ओढून घेतली आणि पहिली ओळ सांगितली. भाचीचा हात सवयीने आडवा धागा ओवायच्या धोट्याकडे गेला.

"हात नको हलवूस. तोंडानं म्हण," आत्या म्हणाली.

चाळिशी उलटलेली बाई, पण मान खाली घालून बसली. मग चाचरत तिने ती ओळ म्हटली. आत्याचे डोळे भरून आले.

"दुसरी उद्या घेऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आत्याची वाचा गेली. चौथ्या दिवशी तीही गेली.

भाचीच्या लेकीने सुचवले की जुन्या कांबळ्यावरून नक्षी उतरवून घ्यावी.

"नक्षी उतरेल गं," भाची म्हणाली. "आत्याचं बोलणं कशावरून उतरवू?"

मित्रांनो, त्या शेकडो ओळी मला तोंडपाठ आहेत, आणि मला तोंडच नाही. भाची रोज येते, ती ओळ म्हणते, तेवढी विणते. मग थांबून ओठ हलवून पाहते. काहीच येत नाही.

तुमच्या घरात कुणी अशी बोली बोलत असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि मोठ्याने बोला. चुकलात तर ते हसतील, हसू द्या. माझ्यावरचे कांबळे हातभर झाले आहे. वरपासून खालपर्यंत त्यात एकच ओळ आहे.