कोऱ्या कागदावरची सही

पाकीट येऊन चार दिवस झाले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते उघडं पडलं होतं आणि राडोस्तिना त्याच्याकडे पाठ करून बसली होती. बल्गेरियातल्या प्लोव्दिव्ह शहराच्या कालव्यावर नऊ वर्षं नाव वल्हवणारी मुलगी एका कागदाला भ्याली होती. उत्तेजक-चाचणीत तिच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं, असं त्यात लिहिलं होतं. तिने असं काही घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

कागदपत्रं बाबा बघायचे. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. तिथल्या रिवाजाप्रमाणे सहा महिन्यांनी दारावर चिकटवायचं त्यांचं नवं शोकपत्र आई कात्रीने कापत होती.

"स्तामेनकाका म्हणतात तसं कर," ती म्हणाली. "गपचूप मान्य कर. लोकांच्या तोंडी आपलं नाव नको."

स्तामेन म्हणजे तिच्या नौकाक्लबचा प्रशिक्षक, तरुणपणी बाबांच्याच नावेत वल्हवलेला.

राडोस्तिना वरच्या मजल्यावर नेव्हेनाबाईंकडे गेली. त्या विद्यापीठात क्रीडाकायदा शिकवत.

"घाबरलीस कशाला?" बाईंनी पत्र वाचून विचारलं.

"शब्दांना. निरपेक्ष जबाबदारी, हक्कत्याग... वाचलं की डोकं बधिर होतं."

"माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही घाम फुटतो. ऐक. निरपेक्ष जबाबदारी म्हणजे, औषध तुझ्या अंगात सापडलं की उत्तर तूच द्यायचं. मुद्दाम घेतलंस का, हा पुढचा प्रश्न. तोही विचारतात, पण तू समोर उभी राहिलीस तर."

"आणि हक्कत्याग?"

"तुझ्याच नमुन्याची दुसरी बाटली प्रयोगशाळेत सीलबंद आहे. ती तपासा म्हणायचा हक्क तुझा. तो सोडलास, की पहिला निकाल गळ्यात पडला म्हणून समज. पत्र मिळाल्यापासूनची मुदत कधी संपते?"

"आज पाचला."

"देवा! मग आत्ता लिही. आणि कशावर सही तर नाही ना करून बसलीस?"

"केल्यात. कोऱ्या कागदांवर," राडोस्तिना म्हणाली. हंगामाच्या सुरुवातीला क्लबातले सगळेच पाच-पाच कोऱ्या कागदांवर सह्या करून स्तामेनकडे देत. विमा, प्रवास, स्पर्धेचे अर्ज. ऐनवेळी कोण कुणाला शोधणार?

"कोऱ्या?" बाई उठून उभ्याच राहिल्या. "अगं, तुझ्या नावाने कुणीही काहीही कबूल करेल! पळ!"

ती कालव्याच्या काठाने धावत सुटली. क्लबच्या खोलीत स्तामेन छपाईयंत्राशी वाकला होता. यंत्रातून कागद बाहेर आला. खाली तिची सही. वर ताजी अक्षरं : 'दुसऱ्या बाटलीच्या तपासणीचा हक्क मी सोडत आहे.'

"काका, हे मी लिहिलेलं नाही!"

"तुझ्या भल्यासाठीच गं. सुनावण्या, वकील... कुठे निभावणार तू?"

"भल्यासाठी, की क्लबची चौकशी नको म्हणून?"

स्तामेनने खिडकीकडे तोंड फिरवलं. "तुझे बाबाही अशाच सह्या देत होते. त्यांनी कधी प्रश्न विचारले नाहीत."

"म्हणून तर असे कागद वाचायला मला कुणी शिकवलं नाही, काका."

स्तामेनने वळून यंत्रातला कागद उचलला. मग त्याने तो कागद उभा फाडला. "भ्यालो होतो गं मी. तुझ्याहून जास्त," तो पुटपुटला आणि त्याने कपाट उघडलं. आत गठ्ठाच होता. चाळीस पोरांच्या सह्या! संध्याकाळच्या सरावाला त्याने ज्याचे कागद त्याच्या हातात दिले. "यापुढे भरलेल्या कागदावरच सही करायची, तीही वाचून," एवढंच म्हणाला.

दुसरी बाटली तपासण्याची राडोस्तिनाची मागणी त्याआधीच, साडेचारला रवाना झाली होती. दुसऱ्या बाटलीत काय निघेल, हे तिला ठाऊक नाही. रात्री अजून झोप लागत नाही. पण सुनावणीत उत्तर ती स्वतः देणार आहे.

मित्रहो, कायद्याचे शब्द अवघड असतील, पण ते आपल्याच आयुष्याविषयी असतात. कळला नाही तर अर्थ विचारा, दहा वेळा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न वाचता दिलेली सही मात्र दर वेळी परत मिळत नाही.