गोबरगॅस आला ते साल

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, स्वतःच्या मरणाच्या गोवऱ्या स्वतः थापून ठेवल्या होत्या. धरणगावच्या अलीकडे आमचं गाव. गरिबाघरची म्हातारी माणसं तेव्हा तसं करायची. घरामागे गोवऱ्यांची रास रचायची आणि वरून शेणाने लिंपायची, म्हणजे पाऊस आत जात नाही. त्या राशीला हुडवा म्हणतात. चुलीचा हुडवा वेगळा, मरणाचा वेगळा. मरणाच्या हुडव्याला कोणी हात लावत नसे. त्यातली एक गोवरी काढली की त्या माणसाचा एक दिवस जातो, असं म्हणायचे.

आत्याबाईंचं नाव भिकुबाई. सासरे वारले तेव्हा घरात काहीच नव्हतं. गावाची रीत होती की मयत झाली की प्रत्येक घराने पाच गोवऱ्या द्यायच्या. आत्याबाई स्वतः मागायला निघाल्या. एका घराने त्यांना दारात बराच वेळ उभं ठेवलं. बाकी सगळ्यांनी दिल्या, पण त्यांच्या लक्षात तेवढं एक घर राहिलं. माझं लग्न झालं त्याच साली त्यांनी मला सांगितलं, "मन्हासाठे कोनना दारमा जाऊ नका."

माझ्या नवऱ्याचं नाव लोटन. तो चुडामण आबांकडे सालदार होता. आबांच्या गोठ्यात नऊ जनावरं. सकाळी गोठा मी झाडायचा आणि शेण मी न्यायचं, हे ठरलेलं होतं. झाडायचे पैसे नाहीत आणि शेणाचेही नाहीत. माझ्या आधी आत्याबाई तेच करत होत्या, त्यांच्या आधी त्यांची सासू. त्या शेणावर आमची चूल चालायची, आणि आत्याबाईंचा हुडवाही त्याच शेणाचा होता.

अठ्ठ्याऐंशी साली ग्रामसेवक चावडीवर आले. त्यांनी सांगितलं की गावाला सात गोबरगॅस मिळालेत, मार्चच्या आत बसवायचे. ज्यांच्याकडे चार जनावरं आहेत त्यांनाच. बराचसा खर्च सरकार देणार. घरात धूर नाही, लाकूडतोड नाही, आणि वर खत मिळणार.

आमच्या आळीतला वना म्हणाला, "साहेब, ज्यांच्याकडे जनावरच नाही त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी दुसरी योजना येईल."

"कधी?"

"आली की सांगतो ना."

त्याच्या शेजारच्या तोतारामने मागून म्हटलं, "वना, तू एक बकरी बांध. चार पाय तिलेबी शेतस." लोक हसले. ग्रामसेवकही हसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कागदावर जनावरांची संख्या लिहायला जागा होती, ती ते भरत होते.

आबांकडे गवंडी आला, खड्डा झाला, लोखंडी टाकी बसली. आबांची बायको मंदाअक्का. धुराने तिचे डोळे बारा महिने लाल असायचे, कडांना चिकट असायचे. पहिल्यांदा शेगडी पेटली तेव्हा ती किती तरी वेळ नुसती बघत बसली. महिन्याभरात तिचे डोळे निवळले. हे खरं आहे, म्हणून सांगते.

शेगडी पेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन निघाले तर आबा म्हणाले, "मंजुळा, आते शेण लई जाऊ नको. बठ्ठं टाकीमा टाकनं शे."

"मंग आमना चुल्हाले काय, आबा?"

"पऱ्हाट्या लई जा. कितल्याबी लई जा."

आबा आवाज चढवून बोलले नाहीत. रोज चार पाट्या शेण लागतं, कमी पडलं तर गॅस बसतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान हलवली. गोठा झाडायचं काम माझंच राहिलं. आता शेण टाकीच्या हौदात नेऊन टाकायचं, पाणी घालायचं आणि हाताने गाठी फोडायच्या. त्याचे आबा थोडे पैसे देऊ लागले. पण गावात विकत घ्यायला गोवरी राहिली नव्हती. सातही घरांचं शेण टाकीत जात होतं.

कपाशीच्या पऱ्हाट्या उन्हाळाभर पुरल्या. पऱ्हाटी भर्रकन पेटते आणि भर्रकन विझते. एका भाकरीला दोन कवळ्या जायच्या. पाऊस सुरू झाल्यावर त्या भिजल्या आणि संपल्या.

मग रस्त्यावरचं शेण उरलं. आमच्यात असं होतं की गुरं परत येताना पडलेल्या शेणाच्या पोवावर जिने आधी दगड ठेवला, ते शेण तिचं. ती पाटी आणायला घरी गेली तरी कोणी हात लावत नसे. त्या पावसाळ्यात एक दिवस शेजारच्या बेबाबाईच्या दगडाखालचं शेण मी उचललं. दगड बाजूला ठेवला आणि उचललं. बेबाबाई मागेच उभी होती.

"मन्हा दगड दिखस नही का तुले?"

"दिखना."

"मंग?"

मी पाटी डोक्यावर घेतली. ती म्हणाली, "उचल, उचल. उद्या मी तुन्हा उचलसू." आणि दुसऱ्या दिवशी तिने माझं उचललं. त्यानंतर दगड ठेवायचं सगळ्यांनीच सोडलं. सांजेला बायका गुरांच्या मागे मागे चालायच्या.

आषाढात एका सकाळी घरात जाळायला काही नव्हतं. आत्याबाई आठ दिवस तापाने पडल्या होत्या, त्यांना पेज हवी होती. मी घरामागे गेले आणि हुडव्याच्या मागच्या बाजूने खापरीने लिंपण फोडलं. आत हात घातला. गोवऱ्या कोरड्या होत्या, हलक्या होत्या. चार काढल्या. भोकाला चिखल लावला. पेज झाली. आत्याबाई प्यायल्या.

मग रोजचंच झालं. मागून काढायचं, पुढून लिंपण तसंच ठेवायचं. पुढची बाजू मागच्या दारातून त्यांच्या बाजेवरून दिसायची. पावसाने ती ढासळू नये म्हणून मी पुढून एकदा नवं लिंपणही दिलं. त्याला पाटीभर शेण लागलं, ते मी आबांच्या हौदातून आणलं.

आत्याबाई विचारायच्या, "हुडवा शे ना व?"

"शे."

"वला ते नही ना?"

"नही. कोरडा शे."

यातलं कोरडा तेवढं खरं होतं. रोज भाकरी झाली की मी मनात एक दिवस वजा करायची. पुढे पुढे तेही सोडलं.

श्रावणात, तीन दिवसांच्या झडीत, आत्याबाई पहाटे गेल्या. माणसं जमली. तोताराम आणि वना टिकाव घेऊन घरामागे गेले. मी दाराशी उभी राहिले. सांगावं असं वाटलं नाही, लपवावं असंही वाटलं नाही. तोतारामने पुढून टिकाव घातला आणि सगळं लिंपण आत कोसळलं. आत खाली दोन थर गोवऱ्या होत्या. बाकी काहीच नव्हतं.

लोटनने आत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग पाटी घेतली आणि घरोघर निघाला.

पहिली सात घरं तीच, गोबरगॅसवाली. एकाही घरात गोवरी नव्हती. लोक खोटं बोलत नव्हते, थापतच नव्हते तर देणार कुठून. मंदाअक्का पाटी बघून रडली. म्हणाली, गॅसच्या खड्ड्यातली वाळलेली मळी ने. आबा म्हणाले, ती काय पेटणार, तिच्यातला जाळ तर आपण वापरला. बाकीच्या घरांतून दोन-दोन, तीन-तीन मिळाल्या, भिजलेल्या. बेबाबाईने पाच दिल्या. लोटन प्रत्येक दारात उभा राहिला. पंचवीस-तीस दारं असतील.

शेवटी आबांनी गाडी जुंपून दिली आणि लोटन धरणगावला वखारीत गेला. लाकूड आलं तेव्हा दिवस कलला होता. तोवर आत्याबाई ओसरीवर होत्या. माशा हाकायला मी बसले होते. लाकूड ओलं होतं. रॉकेल ओतून पेटवलं.

दुसऱ्या दिवशी गोठा झाडायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी गेले. सुतकात हिच्या हातचं चालेल का, असं आबांनी अक्काला विचारलं. अक्का म्हणाली, शेणाला कसलं सुतक. मी चार पाट्या हौदात टाकल्या, पाणी घातलं, गाठी फोडल्या.

लोटनने मला हुडव्याबद्दल काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. संध्याकाळी तो मळ्यातून येताना बाभळीच्या काटक्यांची मोळी आणू लागला. रोज आणायचा, चुलीजवळ टाकायचा आणि पाय धुवायला बाहेर जायचा.

घरामागे दोन थर गोवऱ्या तशाच पडल्या होत्या. घाईत त्या न्यायच्या राहून गेल्या. चार दिवसांनी मी त्या आत आणल्या आणि जाळल्या.